जावयाचा एसी

आमच्या घरात एसी आहे हे अख्ख्या काटेवाडीला ठाऊक आहे. तो चालू असलेला मात्र परवापरवापर्यंत फक्त जावयानं पाहिला होता. बाकी आम्ही सगळे त्याचं बंद तोंड बघत घाम पुसायचो.

मी या घरची सून, संजीवनी. माझी जीभ तिखट आहे हे माझ्या माहेरी, कन्हेरीत, लग्नाआधीच जाहीर होतं. त्यामुळं आम्हाला फसवलं असं म्हणायला सासरच्यांना जागा नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूला आत्या, आमच्याकडं तशीच रीत आहे. मामा म्हणजे रावजी, गावात मानाचा माणूस. आत्या म्हणजे सिंधुबाई, त्या मानाला रोज तीन वेळा चहा करून देणारी बाई.

एसी कसा आला ते आधी सांगते, कारण सगळा घोळ तिथंच आहे. माझी नणंद स्वरूपा पळसदेवला दिली, इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती नवऱ्याला घेऊन आली. जावई अविराजराव पुढच्या पत्र्याच्या सोप्यात जेवायला बसले. मटणाचा बेत होता, शेजारी आत्यांच्या हातचा लवंगी मिरचीचा ठेचा. दोन घास झाले आणि जावयानं खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग मान पुसली. मामांचा घास हातातच राहिला. डोक्यावर पंखा गरगरत होता, पण मामांना तो दिसेना, त्यांना फक्त रुमाल दिसला.

पाहुणे गेल्यावर मामा म्हणाले, "आपल्या घरात पाहुण्याला घाम फुटला. त्यांच्या घरात एसी हाय. लोकं काय म्हणतील?"

लोक काय म्हणाले ते माहीत नाही, पण आठवड्याच्या आत बारामतीहून एसी आला. सोप्याच्या शेजारच्या खोलीत गव्हाच्या कणग्या होत्या, त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या. खोलीत पलंग आला, मऊ गादी आली, मोराचे पडदे आले. मग खोलीला कुलूप लागलं. चावी मामांच्या करदोड्याला आणि रिमोट देवघरात, खंडोबाच्या टाकाशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत. जावई आले की कुलूप निघणार. जावई गेले की आत्या चादर धुणार, मामा एसीला खास शिवून आणलेलं कापडी कव्हर घालणार आणि दार पुन्हा बंद.

हे सगळं मी सोसलं असतं. पण गेल्या वैशाखात आत्या चुलीपुढं पडल्या. भाकरी तव्यावरच करपली आणि त्या भिंतीला टेकून काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. बारामतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, थोडक्यात बचावल्या, दुपारच्या वेळी यांना गारव्यात ठेवत चला, पुन्हा असं झालं तर शरीराला झेपणार नाही. मामांनी मान डोलावली. माझे यजमान संभाजी, त्यांनीही डोलावली. डॉक्टरांच्या गार केबिनमध्ये मान डोलवायला काय जातं?

घरी आणून आत्यांना कुठं निजवलं? सोप्यात, पत्र्याखाली. अंगावर मामांचं ओलं धोतर. गार खोली पलीकडच्या भिंतीला, दाराला कुलूप.

मी तेव्हाच म्हणाले होते, "मामा, चावी द्या."

"ती पाहुण्यांची खोली हाय, संजीवनी."

"मग आत्या काय हायेत?"

यावर बोलल्या त्या आत्या. पडल्या जागेवरनं म्हणाल्या, "मला कशाला गं? गारव्यानं माझी हाडं धरत्यात." जन्मात कधी त्या गारव्यात बसल्या नव्हत्या, आणि हाडं धरतात हे यांना कुणी सांगितलं? इतका राग आला मला. मामांचा राग येतो तो एक वेळ जिरवता येतो. स्वतःला असं खाली घालून बोलणाऱ्या बाईचा राग कुठं जिरवायचा?

विजेच्या बिलाचं दुखणं असतं तरी मी समजून घेतलं असतं. पण आमच्या छतावर सोलर आहे. दुपारभर ती वीज वर तयार होते आणि खाली आम्ही शिजतो. दुखणं बिलाचं नव्हतंच, मानाचं होतं.

आणि यंदा आला अधिक महिना, तोही ज्येष्ठ. म्हणजे ऐन मे महिन्यातला धोंड्याचा महिना. या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, ताटात दिवा लावून वाण द्यायचं. लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण. मामांनी चैत्रातच फर्मान काढलं, "पाहुणं यायच्या आत एसी तयार पायजे. बारामतीचा मिस्त्री बोलवा."

मी म्हणाले, "एसी मी तयार करून घेते. पण ज्या दिवशी तयार झाला, त्या दिवसापासून आत्यांचं अंथरूण आत."

"जावयाला दिलेली गादी आपण उष्टी करायची व्हय?"

गादी उष्टी! भाकरी उष्टी होते, पाणी उष्टं होतं, हे ठाऊक होतं. गारवा उष्टा होतो हे मला काटेवाडीत येऊन कळलं.

मिस्त्री आला, ऋषिराज नावाचा. आधी मागच्या बाजूला गेला, एसीचं बाहेरचं खोकं बघायला. खोकं दिसेचना. मामांनी ते खताच्या पोत्यांत गुंडाळून वरून सुतळीनं आवळून टाकलं होतं, विहिरीवरची बंद मोटार गुंडाळतात तसं. पोती सोडली तर आत खारीनं घरटं केलेलं आणि शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलं होतं त्याची काजळी बसलेली. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, ह्याला श्वास घ्यायला तर जागा पायजे." मी म्हणाले, "या घरात ती कुणालाच न्हाय, तुमी कामाला लागा."

आतलं प्रकरण आणखी भारी होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा असते. त्या दिवशी मामा ट्रॅक्टर पूजतात, मोटार पूजतात, कोयते पूजतात, आणि आल्यापासून एसीही पूजतात. हळदीकुंकवाची पाच बोटं कपाळावर आणि झेंडूची माळ थेट फटीत खोचलेली. ती माळ कधी कुणी काढलीच नव्हती, वरून कव्हर चढवलं होतं. मिस्त्रीनं झाकण उघडलं तेव्हा वाळलेल्या पाकळ्यांचा लगदा जाळीत अडकलेला होता. खाली पाणी जायच्या पन्हळीत कुंकवाचा चिखल झाला होता. तेव्हा मला उमगलं, गेल्या उन्हाळ्यात जावयाच्या उशीवर पाणी का टपकत होतं. मामांनी तेव्हा उशाशी पातेलं ठेवलं होतं आणि जावयाला सांगितलं होतं, "भारीतला हाय, गळतोच थोडा."

म्हणजे बघा. पूजा दरवर्षी, धूळ मात्र कुणी झटकायची नाही. घरची लक्ष्मी म्हणून ज्या बाईच्या पाया पडतात तिचीही या घरात तीच तऱ्हा होती.

जाळ्या मी गोठ्यातल्या नळाखाली जुन्या ब्रशनं घासल्या. बाहेरचं खोकं मिस्त्रीनं गाई धुवायच्या पाइपनं धुतलं. पन्हळ मोकळी केली, गॅस तपासला. मग देवघरातून रिमोट आणला आणि एसी चालू केला. खारीचं घरटं मी चिंचेखाली नेऊन ठेवलं, तेवढं एक पुण्य माझ्या नावावर.

खोली हळूहळू गार व्हायला लागली. मी वळून बघते तर दारात आत्या. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या, एक हात चौकटीला. पदर कपाळावरून मागं सरला होता आणि डोळे मिटलेले. आतली झुळूक त्यांच्या तोंडावर येत होती. चुलीच्या धगीनं काळवंडलेला तो चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता.

मी हळूच म्हणाले, "आत्या, आत या की."

त्यांनी डोळे उघडले, चोरी पकडल्यासारखा पदर पुढं ओढला. "न्हाय गं, पाय मातीचं हायेत माझं."

तेवढ्यात मागून मामा आले. "चाललंय न्हवं नीट? मग बंद करा आता. पाहुणं येऊस्तोवर उगा कशाला."

आणि कुलूप लागलं.

मी संभाजींच्या मागं लागले. मामांना ते आबा म्हणतात. त्यांचं एकच, "आबांचं तुला म्हायती हाय, आता म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं?" म्हातारं माणूस घरात एकच आहे, असा आमच्या यजमानांचा समज. आई त्यांना म्हातारी दिसतच नाही, कारण ती सारखी कामात असते.

अधिकातला तो दिवस उजाडला. उजाडला म्हणजे पेटलाच. स्वरूपा आणि अविराजराव पळसदेवहून आले. स्वरूपा सांगत होती, पाणी इतकं आटलंय की धरणातलं जुनं देऊळ पार पायथ्यापर्यंत उघडं पडलंय. जावयाला पाय धुवायला पाणी देऊन थेट गार खोलीत नेलं. दार लावलं. फटीखाली मामांनी स्वतःच्या हातानं गोणपाट सारलं, गारवा बाहेर सांडू नये म्हणून.

आणि इकडं स्वयंपाकघरात मी, स्वरूपा आणि आत्या. एका चुलीवर पुरण, दुसरीवर तळण. मी आत्यांना तीनदा बाहेर काढलं आणि तीनदा त्या परत आल्या. "जावयाचं धोंडं सासूच्या हातचं लागत्यात, पोरी. तू पारी लाटून दे, भरायचं मी बघते." कणग्यांनी अर्धी जागा अडवलेली, वर पत्रा, बाहेर वाऱ्याची झुळूक नाही. मी म्हणाले, "आत्या, डॉक्टर काय म्हणालेत?" त्या म्हणाल्या, "डाक्टरला लेक हाय का जावई हाय, त्याला काय म्हायती?"

ताट वाढायला घेतलं. धोंडे पितळी ताटात रचले, वर दिवा ठेवला. आत्यांनी ताट उचलायला हात पुढं केला आणि मला म्हणाल्या, "स्वरूपे, तुझ्या शाळेचा डबा भरला का?"

मी स्वरूपा नव्हते. स्वरूपा माझ्या शेजारी उभी होती, लग्नाला चार वर्षं झालेली संसारी बाई. मी आत्यांच्या गळ्याला हात लावला. कोरडा आणि कढत. गेल्या वैशाखासारखाच.

मी ओरडले तशी संभाजी धावत आले. एका बाजूनं त्यांनी, एका बाजूनं मी, असं आम्ही आत्यांना धरून गार खोलीकडं नेलं. दारात मामा उभे. पांढरा फेटा, दोन्ही हात पसरलेले.

"अगं, आत पाहुणं बसल्यात! तिला सोप्यात निजवा, मी पानी मारतो."

त्या घडीला माझ्या डोक्यात काय झालं ते मलाच माहीत नाही. मी म्हणाले, "मामा, सरका. गेल्या वर्सी ओल्या धोतराखाली ठिवलं व्हतं तुमी त्यांना. ह्या वर्सी त्या धोतराचं कफन करायचंय का?"

असं सासऱ्याला कुणी बोलत नाही. मी बोलले. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? त्या शुद्धीच्या काठावर असलेल्या बाईनं माझ्या हाताला हिसका दिला. "जावयाफुडं नगं गं... जावयाफुडं आडवं व्हायचं न्हाय..." पडता पडता तिनं पदर डोक्यावर ओढला.

दार आतूनच उघडलं. अविराजराव बाहेर आले. ऐन मे महिन्यात त्यांच्या अंगावर घोंगडी होती आणि कानाला मफलर. त्यांनी आत्यांना बघितलं आणि म्हणाले, "आत घ्या त्यांना, आत घ्या आधी. मला न्हाय लागत तो गारवा, मी बाहेर बसतो."

आणि मामा, माझे मानी सासरे, घाईघाईनं म्हणाले, "तुमाला नगं? मग बंद करू का?"

बायको हातावर कोसळतेय आणि हा माणूस विचारतोय, बंद करू का! त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, हे मला ठाऊक आहे. तेच तर भयंकर. जावयाला नको म्हणजे एसीचं काम संपलं, यापलीकडं त्यांना काही सुचलंच नाही. त्या गारव्याची आणखी कुणाला गरज असेल हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

"हात लावून तर बघा त्याला!" मी म्हणाले, आणि मामांना चक्क खांद्यानं बाजूला सारलं.

आत्यांना त्या मऊ गादीवर निजवलं. चोळी सैल केली, गार पाण्याच्या पट्ट्या मानेला, काखेत, कपाळाला. स्वरूपा रडत रडत पंख्यानं वारा घालत होती. संभाजी गाडी घेऊन गेले आणि डॉक्टरांना घेऊनच आले. सलाइनची बाटली तिथंच लावली, पडद्याच्या दांडीला, मोरांच्या मधोमध. डॉक्टर म्हणाले, "लगेच गारव्यात आणलंत ते बरं झालं. आता या खोलीतनं हलवू नका." मामांनी पुन्हा मान डोलावली. या वेळी मी त्यांच्याकडं बघत उभी राहिले, ती मान थांबेपर्यंत.

संध्याकाळी आत्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली. तेव्हा कुठं मी जाऊन पाणी प्यायले.

सोप्यात अविराजराव पत्र्याखाली बसले होते, घोंगडी काढून, सुखात. धोंडे गार झाले होते, तेच खात होते. मी विचारलं, "तुमाला गारवा सोसत न्हाय, मग एवढी वर्सं आत का बसलात?"

ते ओशाळून हसले. "वहिनी, डोकं धरतं माझं त्यानं. पळसदेवला पण मी गच्चीवरच निजतो. पण मामा एवढ्या हौसेनं लावत्यात, न्हाय कसं म्हणायचं? म्हणून घोंगडी पिशवीत घालूनच आणतो."

"आणि पहिल्या वर्सी घाम फुटला व्हता तो? रुमालानं पुसत व्हता की!"

"त्यो ठेचा व्हता," अविराजराव म्हणाले. "मला तिखट चालत न्हाय. पण मामींनी वाढला, तवा खाल्ला."

मामा तिथंच खांबाला टेकून बसले होते. त्यांनी ऐकलं. फेटा काढून मांडीवर ठेवला. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. एका मिरचीपायी ही खोली झाली, हे कुलूप झालं, आणि एक बाई दोनदा मरणाच्या दारात जाऊन आली. कुणी एकानं तोंड उघडून खरं सांगितलं असतं तर? पण आमच्याकडं मान राखायचा असतो, आणि तो राखताना भाजतं ते चुलीपुढच्या बाईला.

लेक-जावई गेले. डॉक्टरांच्या सांगण्यानं आत्या त्या खोलीतच होत्या. अंगात ताकद आली तशी एका सकाळी मी गोठ्यातून आत येते तर काय! चादर धुऊन दोरीवर. उशा रचलेल्या. फरशी पुसलेली. एसीवर कव्हर. आणि आत्या सोप्यात त्यांच्या जुन्या सतरंजीवर.

"हे काय, आत्या?"

"पाहुणं गेलं की गं. आता कुणासाठी?"

बोलून बोलून माझी जीभ बोथट झाली होती. मी मामांपुढं जाऊन नुसता हात पुढं केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण करदोड्याची चावी सोडून हातावर ठेवली. मग मी ते शिवून आणलेलं कव्हर काढलं, विळीवर टराटरा फाडलं आणि त्याची फडकी केली. चुलीवरची भांडी उतरवायला चांगली येतात, जाड कापड आहे.

दुपारी आत्यांना हाताला धरून आत नेलं. एसी लावला. त्या पलंगाच्या अगदी कडेला बसल्या, एवढीशी जागा घेऊन, लग्नघरी परक्या बाईनं बसावं तशा. पाय पुसले का ते दोनदा बघितलं. मग कुशीवर कलंडल्या आणि डोळे मिटता मिटता म्हणाल्या, "कुणी आलं तर मला उठीव हां, पोरी. लगीच खोली मोकळी करते."

पन्नास वर्षं या घरात राबलेली बाई.

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसले. त्या दुपारी डेअरीचा माणूस आला, सोसायटीतले दोघं मामांकडं आले, मामांचे चुलतभाऊ सोनबा आले आणि "जरा गारव्यात बसू की रावजी" म्हणाले. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी जागची हलले नाही.

मामा सोनबांना म्हणाले, "हितंच बस. आत सिंधू निजलीय."